आत्याला पळवायचं नाही

बालवर्गातल्या बावीस मुलांना मी एक गाणं शिकवलं आणि त्यांनी ती शर्यत समजली.

गाणं मीच रचलं होतं आणि त्याचा मला जरा तोराही होता. चालण्याचं गाणं. एका पावलाला एक ठोका, म्हणजे चुकायचं काही कारणच नाही, असा माझा समज. पहिलं कडवं असं होतं:

एक पाय इकडे, एक पाय तिकडे,
चालली स्वारी, रस्ते वाकडे,
डोक्यावर ऊन, खिशात वारा,
पुढच्या वळणावर थांबा जरा.

‘थांबा जरा’ झालं की दोन ठोके रिकामे. तिथे कुणी काही म्हणायचं नाही. मग पुढचं कडवं. अशी सहा. माझ्या घड्याळाप्रमाणे हे गाणं सव्वा मिनिटाचं होतं. मुलांनी पहिल्या दिवशी ते चाळीस सेकंदांत उरकलं.

“सर, मी पहिला!” भोंगा मुठी वर करून ओरडला.

त्याचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण त्याचा आवाज ऐकल्यावर दुसरं काही तोंडात येत नसे. तो गायला लागला की समोरच्या इमारतीतले लोक खिडक्या लावून घेत. तो सगळ्यांच्या पुढे सुटायचा आणि बाकीचे त्याला गाठायला मागे धावायचे. वर्गातली सगळ्यात लहान मुलगी, जिला आम्ही बटण म्हणायचो, ती मात्र तेव्हा तिसऱ्याच कडव्यात होती. तिने शांतपणे एकटीनेच उरलेलं गाणं संपवलं आणि स्वतःसाठी टाळ्या वाजवल्या.

पालकांच्या मेळाव्याला सहा आठवडे राहिले होते. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, मला म्हणाल्या होत्या, “मागच्या वर्षी मुलांनी गाणं म्हटलं की गिळलं, तेच कळलं नाही. यंदा एका सुरात नाही तरी एका वेळेला संपवा.” मी त्या शाळेतला बालवर्गाचा पहिला पुरुष शिक्षक. सुरुवातीचे दोन महिने पालकांना मी नळ दुरुस्त करायला आलेला माणूस वाटायचो. त्यामुळे हा मेळावा माझ्यासाठी अब्रूचा प्रश्न होता.

आधी टाळ्या वाजवून पाहिल्या. मुलांना वाटलं, जितकी अक्षरं तितक्या टाळ्या. ‘पुढच्या वळणावर’ला तर पत्र्यावर गारा पडल्यासारखा आवाज झाला. मग मी पदरचे पैसे घालून मेट्रोनोम आणला. लाकडी डबी, पुढे इकडून तिकडे हलणारा काटा, आणि टक्-टक् असा एकसारखा ठोका. मी तो टेबलावर ठेवला. बावीस माना काट्याबरोबर हलू लागल्या. गाणं कुणीच म्हणेना.

“सर,” चौकशीने विचारलं, “हे सारखं नाही-नाही का म्हणतंय?”

चौकशी ही वर्गातली प्रश्न विचारणारी मुलगी. प्रश्न सगळीच विचारायची, पण हिने दिवसाला शंभराचा नियम केला होता. तिच्या या प्रश्नावर भोंगा काट्याकडे बघून “नाही! नाही!” करू लागला, आणि बघता बघता अख्खा वर्ग यंत्राबरोबर “नाही! नाही! नाही!” ओरडायला लागला. आज मागे वळून पाहताना कळतं की गाणं शिकवल्यापासून पहिल्यांदाच ती सगळी एका लयीत होती. तेव्हा माझ्या डोक्यात काही ते शिरलं नाही. मी वैतागून यंत्र कपाटात कोंबलं.

त्याच आठवड्यात मला आत्याला शाळेत न्यावं लागलं.

आईवडील सदा फिरतीवर असल्यामुळे मला आत्यानेच वाढवलं. एकतीस वर्षं ती पोहायला शिकवायची. निम्म्या शहराला तिने पाण्यात ढकललं होतं आणि उरलेल्या निम्म्याला बाहेर ओढलं होतं. गळ्यात शिट्टी, पायात सपाता, आणि चाल अशी की रस्त्यात कुत्री बाजूला व्हायची. दोन वर्षांपूर्वी तिला कंपवात झाला. हाताच्या थरथरीचं तिला फारसं काही वाटलं नाही. “हलतो तर हलू दे, निदान काहीतरी करतोय,” ती म्हणायची. पण पुढे पाय अडायला लागले. दारापाशी आली की दोन्ही पाय फरशीला डिंकाने चिकटवल्यासारखे व्हायचे. बरं, सुटले की बारीक-बारीक पावलं इतक्या घाईने पडायची की तिला थांबता यायचं नाही. गेले आठ महिने तिने घराचा उंबरा ओलांडला नव्हता. दिवसा तिच्या सोबतीला शेजारच्या काकू असायच्या. त्या लेकीच्या बाळंतपणाला महिनाभरासाठी गेल्या, आणि माझ्यापुढे दुसरा इलाज उरला नाही.

“बसू दे की वर्गात,” मोठ्या बाई म्हणाल्या. “इथे तरी सरळ कोण चालतं?”

पहिले दोन तास आत्या खिडकीजवळच्या खुर्चीत दगडासारखी बसून होती. मुलांकडे बघतसुद्धा नव्हती. मधल्या सुट्टीच्या आधी ती उठली. मी धरायला गेलो तर हात झटकला. “धरू नकोस. मी काय सामान आहे?” भिंतीला हात लावत ती दारापर्यंत गेली आणि दारात थांबली ती थांबलीच.

चौकशी तिच्यापाशी गेली. “आजी, तू स्टॅच्यू खेळतेस?”

“आजी नाही, आत्या म्हण. हो, खेळतेय.”

“राज्य कुणावर आहे?”

“माझ्यावरच आहे गं बाई. कायमचं.”

आत्याला मुलांसमोर ओढत न्यायचं तर तिला ते मरणाहून वाईट वाटलं असतं. मुलांची नजर दुसरीकडे वळवावी म्हणून मी मोठ्याने म्हणालो, “चला, गाणं! सगळ्यांनी पाय आपटत! एक पाय...”

“इकडे!” बावीस पाय जमिनीवर आदळले. आत्याचा उजवा पाय उचलला गेला.

मी ते डोळ्यांनी पाहिलं. ‘एक पाय तिकडे’ला डावा. ती दाराबाहेर पडली. व्हरांड्यात तिची पाठ ताठ, पावलं लांब, अगदी पूर्वीसारखी. पण तेवढ्यात भोंग्याने गाडी सोडली. ‘डोक्यावर ऊन’पर्यंत वर्ग दुडक्या चालीवर आला होता आणि ‘खिशात वारा’ला चौखूर उधळला होता. व्हरांड्यात आत्याचे पाय त्याच ठोक्यावर पडत होते. मी धावलो. समोरून मोठ्या बाई हातात फायली घेऊन येत होत्या. त्यांनी आत्याला येताना पाहिलं, फायली हवेत सोडल्या आणि भिंतीला चिकटल्या. व्हरांड्याच्या टोकाला मुलांच्या दुपारच्या झोपेच्या गाद्या उन्हाला रचून ठेवल्या होत्या. आत्या त्या ढिगाऱ्यात तोंडावर शिरली आणि वरच्या तीन गाद्या तिच्यावर पडल्या.

मागून बावीस आवाज एकदम थांबले.

मी गाद्या बाजूला केल्या. आत्याचं अंग गदगदा हलत होतं. मला वाटलं, संपलं, हाड मोडलं. तिला उताणी केलं तर ती हसत होती. डोळ्यांतून पाणी, तोंडातून आवाज नाही, असं हसणं. आठ महिन्यांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

“अरे,” तिला कसाबसा श्वास मिळाला, “कसली पळाले मी!”

मुलं भोवती गोळा झाली. आत्याने त्यांना गादीवरूनच सांगितलं, “माझे पाय माझं ऐकत नाहीत. पण तुमचं ऐकतात, असं दिसतंय.”

“तुझं का नाही ऐकत?” अर्थात चौकशी.

“एकतीस वर्षं ऐकलं. कंटाळले असतील.”

“मग आम्ही हळू म्हटलं तर तू हळू चालशील?” एका मुलाने विचारलं.

“तुम्ही पळालात तर मी पळेन. तुम्ही चाललात तर मी चालेन. मला ब्रेक नाहीये.”

मग बटण, जी एरवी दिवसाकाठी चार शब्द बोलायची, ती म्हणाली, “आत्याला पळवायचं नाही.” तिने ते इतक्या गंभीरपणे सांगितलं की सगळ्यांनी माना डोलावल्या.

संध्याकाळी मी आत्याला व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, हो, काही रुग्णांना ठोक्याचा असा आधार मिळतो, नवल नाही. पण ठोका एकसारखा हवा, शेजारी मोठं माणूस कायम हवं, आणि घाई झाली की तिथल्या तिथे थांबवायचं. “आणि गाद्या जरा लांब ठेवा,” त्या म्हणाल्या. “नको, राहू देत तिथेच,” असं मग त्यांनीच दुरुस्त केलं.

दुसऱ्या दिवसापासून आत्याने वर्गाचा ताबा घेतला. गाण्यातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, ती इतकी बेसूर होती की ती अंघोळीला गेली की मी रेडिओ लावायचो. पण माणसांना एकत्र हलवायचं कसं, हे तिच्या हाडात होतं. तिने मला माळ्यावरून तलावाची जुनी जाड दोरी काढायला लावली. मुलं गोल बसली, प्रत्येकाने दोन्ही हातांनी दोरी धरली. एका ठोक्याला दोरी उजवीकडे, दुसऱ्याला डावीकडे. जो घाई करेल त्याला दोरी परत ओढायची. पहिल्याच कडव्यात भोंगा शेजारणीच्या मांडीत जाऊन पडला.

“दोरीने मला ढकललं!”

“दोरीने नाही, घाईने,” आत्या म्हणाली.

मी ठरवलेला ठोका तिला पसंत नव्हता. “तुझा ठोका त्यांच्या पायांना ढगळ होतो. बघ, केवढेसे पाय आहेत. आधी त्यांची चाल काय आहे ती घे. मग एकेक दिवस जरा जरा आपल्या चालीवर आण. पाण्याला घाबरलेलं पोर पहिल्या दिवशी त्याच्याच गतीने हातपाय मारतं, आपल्या नाही.” मी मुकाट्याने ऐकलं. टाळ्या बंद झाल्या. आम्ही आधी डुललो, मग बसल्या जागी पाय आपटले, मग उभे राहून, मग चालून. आणि खरोखरच, चालताना मुलं टाळ्यांइतकी चुकत नव्हती. हाताला खोड्या सुचतात, पायावर अख्खं अंग असतं.

रिकाम्या दोन ठोक्यांनी मात्र दम काढला. गप्प बसायचं म्हटलं की मुलं पुढच्या कडव्यावर उडी मारायची. शेवटी आत्याने सांगितलं, “तिथे मनातल्या मनात म्हणायचं, आत्-त्या. ओठ मिटलेले.” दोन ठोके बरोब्बर भरले. चार-पाच जण पुटपुटायचे, पण ते पुटपुटणंही वेळेवर असायचं.

आणखी एक गोष्ट आमच्या लक्षात यायला तीन दिवस लागले. आत्या छान चालायची आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी खिळायची. मी तिच्या पायांकडे बघत होतो, फरशीकडे बघत होतो, डॉक्टरीणबाईंना फोन करायच्या बेतात होतो. चौकशीने माझा शर्ट ओढला.

“सर, तुम्हीच तिला ‘थांबा जरा’ म्हणताय.”

मी माझ्या कवितेवर स्वतःच्या हाताने काट मारली. ‘पुढच्या वळणावर वळा की जरा.’ आत्या वळली. माझ्यातला कवी त्या रात्री उपाशी झोपला, पण आत्या व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन परत आली होती.

तिसऱ्या आठवड्यात वाईट झालं. भोंग्याला त्या दिवशी नवे बूट होते. बुटांच्या आनंदात तो सुटला, वर्ग त्याच्या मागे गेला, आत्याची पावलं बारीक झाली. मी तिला धरेपर्यंत तिचा गुडघा बाकाच्या कडेवर आपटला. काही मोडलं नाही, पण आवाज सगळ्यांनी ऐकला. भोंगा टेबलाखाली शिरला आणि बाहेर येईना. मी समजावलं, मोठ्या बाईंनी समजावलं. आतून फक्त नाक ओढल्याचा आवाज.

आत्याने खुर्ची टेबलाजवळ ओढायला लावली आणि बसली.

“भोंग्या, अख्ख्या तलावावर माझ्याएवढा आवाज कुणाचा नव्हता. तुझा माझ्याहून मोठा आहे.”

तिने टेबलाच्या फळीवर बोटाने टकटक केलं.

“मोठ्या आवाजवाल्याला एक काम जास्त असतं. त्याने बाकीच्यांचं ऐकायचं असतं. कारण लोक त्याच्या मागे जातात. तो खड्ड्यात गेला तर तेही खड्ड्यात.”

“तुला लागलं?”

“लागलं.”

“खूप?”

“निळं झालंय. बघायचंय?”

हे ऐकून तो ताबडतोब बाहेर आला. निळ्या डागाची सगळ्या वर्गाने पाहणी केली, बटणने त्यावर फुंकर घातली. त्या दिवसापासून चालताना आत्याचा एक हात माझ्या दंडावर आणि दुसरा भोंग्याच्या हातात असे. तिचं पाऊल पडलं की त्याला ते हातातून कळायचं. तो निम्म्या आवाजात गायला लागला. निम्मा म्हणजे इतरांचा पूर्ण.

मग पाचव्या आठवड्यातल्या एका गुरुवारी ते जमलं. व्हरांड्याची लांबी चौतीस पावलं. जाताना चौतीस, येताना चौतीस, आणि ठोका पहिल्या पावलाला होता तोच शेवटच्या पावलाला. कुणी ओढत नव्हतं, कुणी ढकलत नव्हतं. बावीस मुलं, एक बाई आणि मी एकाच अंगाने चालत होतो. गाणं संपल्यावर दोन ठोके कुणीच बोललं नाही आणि मग एकदम इतका कल्ला झाला की वरच्या मजल्यावरच्या शिक्षिका धावत खाली आल्या. भोंगा जमिनीवर लोळत होता. चौकशीला प्रश्न सुचत नव्हता. मी स्वतः दोन उड्या मारल्या, त्या मोठ्या बाईंनी पाहिल्या.

हे वेड शाळेत मावेना. एका आईने तक्रार केली की घरात सगळे एका लयीत जेवतात, घास चुकला की धाकटी ओरडते. दुसरी म्हणाली, “आमचे हे काल जिना उतरताना गुणगुणत होते. लग्नाला दहा वर्षं झाली, गुणगुणताना पहिल्यांदा ऐकलं.”

मेळाव्याच्या आदल्या दिवशी एक नवंच संकट उभं राहिलं. मोठ्या बाईंचे यजमान दातांचे डॉक्टर होते आणि अकॉर्डियन वाजवायचे. साथ मीच करणार, असा त्यांचा हट्ट. माणूस अत्यंत प्रेमळ, पण आयुष्यभर दात उपटले असल्यामुळे कुठलीही गोष्ट समोरच्याला कळायच्या आत उरकायची त्यांना सवय होती. तालमीत आमचं दुसरं कडवं चालू असताना ते अख्खं गाणं वाजवून घाम पुसत होते.

“फार संथ गाता बुवा तुम्ही,” ते म्हणाले.

मुख्याध्यापिकांच्या नवऱ्याला काय सांगणार? मी कपाळाला हात लावला.

मेळाव्याच्या दिवशी दुपारी चारला सभागृह सजलं होतं. शहरातल्या एका फर्निचरवाल्याने शाळेला शंभर नव्या खुर्च्या दिल्या होत्या आणि तोच पाहुणा होता. मुलं स्टेजवर तीन रांगांत उभी होती, मी त्यांच्यासमोर, बाजूला स्टुलावर डॉक्टर अकॉर्डियनचे पट्टे आवळत होते. शेजारच्या काकू लेकीकडून परतल्या होत्या. त्या आत्याला टॅक्सीने आणणार होत्या, गर्दी व्हायच्या आधी. पण आत्याला ऐन वेळी निळी साडी नको, हिरवी हवी वाटली, आणि ती पोहोचली तेव्हा सगळे पालक दारात होते. लोकांनी आदराने तिला पुढे जायला वाट दिली. आत्या दाराच्या बरोबर मधोमध आली आणि खिळली.

तिच्या मागे फर्निचरवाला, त्याच्या मागे शंभर-सव्वाशे माणसं. पुढे रिकामं सभागृह. मागून कुणीतरी विचारलं, “काय झालं हो?” आत्याच्या मानेवर लाली चढताना मला स्टेजवरून दिसत होती. काकू तिच्या कोपराला धरू लागल्या, तिने झटकलं. मी स्टेजवरून उडी मारायला एक पाय पुढे टाकला.

“एक पाय इकडे,” माझ्या मागून भोंग्याचा आवाज आला.

मी खूण केली नव्हती. मला वाटलं, हा आता सुटणार. तो सुटला नाही. इतका बेतशीर, इतका एकसारखा आवाज त्या पोराच्या गळ्यात कुठे होता कोण जाणे. ‘एक पाय तिकडे’ला बाकीचे एकवीस आवाज त्याला येऊन मिळाले, आणि आत्याने दारातून पहिलं पाऊल टाकलं.

डॉक्टरांना वाटलं, कार्यक्रम सुरू झाला. त्यांनी अकॉर्डियन उघडलं आणि निघाले सुसाट. मुलं ‘रस्ते वाकडे’ म्हणत होती तेव्हा ते वळणावर पोहोचले होते. बावीस डोकी त्यांच्याकडे वळली, पण गाणं तसूभर हललं नाही. डॉक्टर आणखी घाबरले, आणखी पळाले. मग पहिल्या रांगेतून बटण निघाली, त्यांच्यापाशी गेली आणि त्यांच्या गुडघ्यावर तळहाताने थापटू लागली. एक, दोन. एक, दोन. डॉक्टर आधी गोंधळले, मग त्यांनी डोळे मिटले, आणि हळूहळू अकॉर्डियन मुलांच्या पावलाला येऊन मिळालं. दात काढून झालेल्या रुग्णांच्या चेहऱ्यावर दिसते ती सुटका तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर होती.

आत्या मधल्या वाटेने पुढे येत होती. हिरवी साडी, ताठ पाठ. वाट अरुंद, त्यामुळे मागच्या कुणालाच तिला ओलांडता येईना. फर्निचरवाला आपसूक तिच्या पावलावर पाऊल टाकू लागला. त्याच्या मागे आया, बाप, काका, मावश्या. घरोघरी पाठ झालेलं गाणं, कोण गप्प बसणार! दुसऱ्या कडव्याला सगळं सभागृह गात होतं. ‘वळा की जरा’ झालं आणि सव्वाशे माणसं एकदम गप्प झाली. फक्त बुटांचे दोन आवाज: धप्. धप्. आणि पुन्हा गाणं.

आत्या पहिल्या रांगेतल्या तिच्या खुर्चीपाशी आली. मी सुटकेचा श्वास टाकला. तिने खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, तिच्या तोंडावर तलावावरचं ते जुनं मिश्कील हसू आलं, आणि ती वळली. खुर्च्यांना वळसा घालून तिने दुसरी फेरी सुरू केली.

मी खाली उतरून तिच्या शेजारी गेलो, कारण डॉक्टरीणबाईंची अट होती. तिचा हात माझ्या दंडावर नुसता टेकलेला होता. सहावं कडवं संपलं तशी मुलांनी कुणाला न विचारता पहिलं सुरू केलं. मोठ्या बाई भाषणाचा कागद हातात घेऊन स्टेजच्या पायरीवर उभ्या होत्या. रांग त्यांच्यापाशी आली तेव्हा त्यांनी कागदाची घडी केली, पर्समध्ये टाकली आणि रांगेत शिरल्या. कुणाचं तान्हं बाळ वडिलांच्या खांद्यावरून ठोक्याला हिंदकळत होतं. एक आजोबा उलटे चालत होते. तिसऱ्या फेरीला हसू आवरणं कठीण होऊ लागलं. पण गंमत म्हणजे लोक हसत होते तेही ठोक्यावर.

शेवटी आत्या बसली. “पाणी,” ती म्हणाली. सगळं सभागृह धापा टाकत हसत होतं. फर्निचरवाला कपाळ पुसत तिच्या शेजारी उभा राहिला आणि काळजीने म्हणाला, “खुर्च्या बऱ्या आहेत ना हो? कुणी बसतच नाहीये.”

घरी जायला मी टॅक्सी बोलवायला निघालो, तर आत्या म्हणाली, “चालत जाऊ.” शाळा ते घर म्हणजे अकरा गल्ल्या. त्या वाटेवर राहणारी आठ-नऊ मुलं आणि त्यांचे आईबाप बरोबर निघाले. एकदा फुटपाथच्या कडेला आणि एकदा बेकरीच्या दारातल्या गर्दीत तिचे पाय अडलेच; कंपवात काही कुठे गेला नव्हता. मुलांनी गाणं सुरू केलं, ती चालू लागली. बेकरीवाला पाव बांधता बांधता बघत राहिला.

एकेका गल्लीत एकेक घर येत गेलं. आधी चौकशी गेली. जाताना “उद्या पण मेळावा आहे का?” असं तिने तीनदा विचारलं. मग बटणला तिच्या बाबांनी कडेवर घेतलं, ती तिथूनच हात हलवत ठोका देत होती. शेवटी भोंग्याचं घर आलं. त्याने आत्याचा हात माझ्या हातात दिला. “सर, नीट न्या,” तो म्हणाला, आणि जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या चढत पळाला.

उरलो आम्ही दोघंच. दोन गल्ल्या राहिल्या होत्या, दुकानांचे दिवे लागत होते. मी गाऊ लागलो. मला अजून आतून उकळ्या फुटत होत्या, उड्या माराव्याशा वाटत होत्या, उद्या कुणाकुणाला काय काय सांगू असं झालं होतं.

आत्याने माझ्या हाताला हिसका दिला.

“अरे, घाई करतोयस तू.”

मी थांबलो. तिचं म्हणणं खरं होतं.

“सॉरी,” मी म्हणालो.

“सॉरी काय? पुन्हा पहिल्यापासून घे. आणि या वेळी मीही म्हणते, तू काही हसू नकोस.”

तिने म्हटलं. रस्त्यापलीकडचा एक माणूस दचकून वळला, इतकं ते बेसूर होतं. मी हसलो, ती हसली, आणि आम्ही पावलाला पाऊल लावून घराच्या गल्लीत वळलो.